वरचं बटण

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे मास्तर म्हणतात. ती शाळेत शिकवत नाही, कपडे शिवते. सोळाव्या वर्षी ज्या टेलरकडे ती काज-बटण करायला बसली, त्याला लोक मास्तर म्हणायचे. तो थकला, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, मशीन हिच्याकडे आलं आणि मशीनबरोबर नावही आलं. "मास्तर आहे का?" "आहे, पण आज चिडलीय, उद्या या." आमच्या गल्लीत याचं कुणाला काही वाटत नाही.

दुकान एकच, भाग दोन. पुढच्या काउंटरवर मी बटणं, दोरे, चेन, हुक आणि अस्तर विकतो. मधल्या लाकडी फळीच्या पलीकडे तिची दोन मशीनं, कापायचं टेबल आणि भिंतीला उभा आरसा. चौदा वर्षं आम्ही असे पाठीला पाठ लावून बसलो आहोत आणि चौदा वर्षं भांडतो आहोत. मी मुद्दाम चुकीच्या छटेची बटणं देतो असं तिचं म्हणणं. तिला पांढऱ्यातले प्रकार कळत नाहीत असं माझं. राग तिच्या नाकावर असतो. माझ्याही असतो, पण मी मोठा असल्यामुळे माझ्या रागाला लोक स्वभाव म्हणतात.

तिचं मुख्य काम गणवेशांचं. कोपऱ्यावरच्या शाळेतली निम्मी पोरं तिच्याकडून शिवून घेतात. पांढरा शर्ट, कॉलर, त्यावर टाय. टाय असल्यामुळे वरचं बटण लावावंच लागतं, आणि मुख्याध्यापिका रोज सकाळी फाटकात उभ्या राहून नेमकं तेवढंच बघतात. मास्तरकडे मापांची एक जाडजूड वही आहे. एका मुलाला एक पान. पहिलीतल्या मापाखाली दुसरीतलं, त्याखाली तिसरीतलं. पोरगं शाळा सोडतं तेव्हा पान भरलेलं असतं. आई-बापांना पोराची उंची सांगता येत नाही, हिला मनगटाचा घेर तोंडपाठ असतो.

म्हाताऱ्या मास्तरने तिला एक नियम शिकवला होता. गिऱ्हाइकाच्या अंगाला नाव ठेवायचं नाही. एक खांदा खाली असो, पोट सुटलेलं असो, पाठीला बाक असो, विचारायचं नाही, बोलायचं नाही. जे काय कमी-जास्त असेल ते कापडात सांभाळून घ्यायचं. कपडा अंगावर चढला की माणूस बरा दिसला पाहिजे, एवढंच आपलं काम. नियम चांगला आहे, आमचं दुकान त्यावर चाललं. त्याच नियमाने आमचा घात कसा केला ते सांगतो.

गुंडी ही तिची एकुलती एक मुलगी, माझी भाची. तेव्हा अकरा वर्षांची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. दीड वर्षाची असताना माझ्या काउंटरवरचं एक बटण तिने गिळलं आणि दोन दिवसांनी ते सहीसलामत परत मिळालं, तेव्हापासून ती गुंडी. तोंडाची टकळी अखंड चालू. तिचे बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, महिन्यातून चार-पाच दिवस घरी असतात. ते आले की महिनाभराचं साठलेलं सगळं ती त्यांना एका बैठकीत ऐकवायची, आणि तो बिचारा माणूस हातातला घास हातातच ठेवून डुलक्या काढायचा.

शाळा सुरू होऊन तीन महिने झाले असतील. एक दिवस सकाळी गुंडी दप्तर घेऊन दुकानात आली.

"आई, वरचं बटण टोचतंय. टाय लावला की घुसमटतं."

मास्तरने तिला उभं ठेवूनच मानेभोवती टेप फिरवला, बटण उसवलं, पाव इंच कडेला सरकवलं आणि चार टाके मारले. मी गल्ल्याशेजारच्या खणातून तिला नवं बटण दिलं होतं, जुन्याची कड उडाली होती म्हणून.

"अंग भरतंय पोरीचं," ती मला म्हणाली. चांगली खुशीत होती.

"भरू दे. पण आणखी भरलं तर कॉलरला जोड द्यावा लागेल," मी म्हणालो. गुंडीने मला जीभ दाखवली आणि पळाली.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा पाव इंच. त्यानंतर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या वेळी गुंडी म्हणाली की स्कर्टही खाली घसरतोय. मग मास्तरने वर बटण सैल केलं आणि खाली कंबरेचा हुक आत घेतला. एकाच बैठकीत, एकाच पोरीचा, एकीकडे कपडा मोठा आणि एकीकडे लहान. मी तिथे होतो. बटण माझं होतं, हुकही माझाच होता, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

बाकीचंही डोळ्यांसमोर होतं. शाळेतून आली की ती कापडाच्या गठ्ठ्यावर आडवी व्हायची. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. पोटऱ्या खाजवून खाजवून लाल केलेल्या. सकाळी उशीचा अभ्रा पिळून काढावा इतका ओला. प्रत्येकाला आमच्याकडे उत्तर तयार होतं. परीक्षा आहे, धावपळ होते, उकडतंय. टकळी थांबली होती, तर म्हणे पोर शहाणी होतेय.

मग खेळाच्या गणवेशाची मापं घ्यायचे दिवस आले. मास्तर मापं घेते आणि आकडे ओरडते, मी फळीच्या अलीकडून वहीत उतरवतो. गुंडीचा नंबर आला.

"मान, सव्वाबारा."

मी लिहिलं. वरच्या ओळीत अकरा होतं.

"छाती, चोवीस."

वर साडेपंचवीस होतं. माझा हात थांबला. "मास्तर, टेप नीट धर. चुकतंय."

"माझा टेप चुकत नाही. कंबर, साडेएकवीस."

वर तेवीस. मी वही घेऊन फळीच्या पलीकडे गेलो आणि तिच्यापुढे धरली. तिने दोन्ही ओळी वाचल्या. टेप पुन्हा लावला, पुन्हा तेच आलं. हजारो पोरांची मापं घेतलेली बाई ती. पोर वाढतं तेव्हा सगळीकडून वाढतं. नुसती मान वाढत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने टेप गळ्यात टाकला आणि बोटांनी गुंडीची मान चाचपली. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या जरा वर, तिची बोटं अडकली. अस्तराच्या आत चुकून बटण राहून जावं तसं काहीतरी, टणक आणि गोल. त्याच्या शेजारी आणखी दोन.

"दुखतंय?"

"नाही."

तिने दाबलं. "आता?"

"नाही गं. गुदगुल्या होतायत."

मास्तर स्टुलावर बसली. मग उठून तिने खुंटीवरचा शाळेचा शर्ट काढला आणि कॉलरकडे बघत राहिली. कापडात जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती, एकापुढे एक, तीन जागी. मी काहीतरी बोलायला गेलो तर तिने नुसता हात वर केला. ती काय वाचत होती ते मला कळलं होतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी गुंडीला तपासलं. ते घाबरवणारे गृहस्थ नाहीत. म्हणाले, लहान मुलांच्या मानेत गाठी येतच असतात. घसा, दात, कान, डोक्यातलं एखादं गळू, कशानेही येतात, दुखतात आणि दोन-तीन आठवड्यांत उतरतात. शंभरातल्या बहुतेक तशाच निघतात. त्यांनी औषध दिलं आणि सांगितलं, दोन आठवड्यांनी दाखवा, वाढली तर त्याआधी. मास्तरने रोज सकाळी माप घेतलं आणि वहीत लिहिलं. नवव्या दिवशी ती परत जाऊन बसली. कंपाउंडर म्हणाला, "अजून दोन आठवडे झाले नाहीत."

"गाठ थांबली नाही, मग मी कशाला थांबू?" ती म्हणाली आणि सरळ आत गेली.

डॉक्टरांनी वही चाळली. शाळेच्या सुरुवातीचं माप, आताचं, गेल्या नऊ दिवसांचं. मग त्यांनी ताप, घाम, खाज, वजन असं एकेक विचारलं आणि मास्तर एकेकाला हो म्हणत गेली. त्यांनी तिथेच मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली. "उद्याच जा," म्हणाले, "आणि ही वही बरोबर घेऊन जा."

तिथे छातीचा एक्स-रे झाला, रक्त झालं. मग एक गाठ अख्खी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवली. दहा दिवसांनी लहान मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. सडपातळ बाई, कोटाचा खांदा दोन बोटं ओघळलेला. मास्तरची नजर त्या खांद्यावर गेलेली मला दिसली. गुंडीला बाहेर बसवू का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "आजार तिचा आहे. तिला ऐकू दे."

त्यांनी कागदावर माणूस काढला. रक्ताच्या नळ्या असतात तसं अंगात आणखी बारीक नळ्यांचं एक जाळं असतं, म्हणाल्या, आणि त्यात जागोजागी या गाठी असतात, मानेत, काखेत, जांघेत, छातीत, पोटात. त्या चौक्या. जंतू आला की चौकीतल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी मारामारी करतात, म्हणून गाठ सुजते आणि दुखते. काम संपलं की उतरते. गुंडीच्या चौकीतल्या काही पेशीच बिघडल्या होत्या. लढायला कुणी नसताना त्या वाढत सुटल्या, म्हणून गाठ दुखत नव्हती आणि उतरतही नव्हती. याला लिम्फोमा म्हणतात. त्यातला हा हॉजकिन प्रकारचा. मानेत आहे, छातीतही आहे.

"मी मरणार का?" गुंडीने विचारलं. 

बाई तिच्याकडे वळल्या. "या आजाराची बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. तुलाही बरं करायचं म्हणूनच मी इथे बसलेय. पण औषधं त्रास देतील. तोंड येईल, उलट्या होतील, केस जातील. सहा फेऱ्या घ्यायच्या, पहिली येत्या सोमवारी. मधेच सोडल्या तर आजार परत येतो, आणि परत येतो तेव्हा जास्त चिवट असतो."

"कशामुळे झालं?" मी विचारलं.

"कुणी काही केल्यामुळे नाही. खाण्यामुळे नाही, पडल्यामुळे नाही. कुणाकडून लागलेला नाही आणि कुणाला लागणारही नाही."

मास्तरने शर्ट पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. "मी तीनदा बटण सरकवलं," ती म्हणाली. बाईंना आधी कळलं नाही, मग कळलं. त्या म्हणाल्या की असं बऱ्याच घरांत होतं, गाठ दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मास्तरने शर्ट घडी करून परत पिशवीत टाकला. "दोष माझा आहे, तो माझ्याकडे राहू द्या. तुम्ही पुढचं सांगा. सोमवारी किती वाजता यायचं?" गुंडी तेवढा वेळ त्या कागदावरच्या माणसाला केस काढत बसली होती.

बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागतो. दुसऱ्याच आठवड्यात एक बाई मुलाचं बोट धरून दुकानात आल्या. कापलं नसेल तर कापड परत द्या म्हणाल्या. घरात लहान मुलं आहेत, तुमच्याकडे ते आजारपण, उगाच कशाला. मास्तरने फळीवरून कापड काढून काउंटरवर ठेवलं.

"ताई, हा आजार लागत नाही. शिंकून नाही, हात लावून नाही, आणि माझ्या सुईतून तर नाहीच. उलट माझ्या मुलीला सध्या तुमच्या मुलाची सर्दीसुद्धा झेपणार नाही, आणि त्याचं नाक वाहतंय. तेव्हा कापड घ्या आणि त्याला घेऊन चार पावलं मागे व्हा."

त्या बाईंनी तो शर्ट रस्त्यापलीकडच्या टेलरकडून शिवून घेतला. कॉलर वाकडी बसलीय. ते पोरगं रोज माझ्या काउंटरसमोरून जातं आणि मी रोज ती कॉलर बघून घेतो.

पहिल्या फेरीला गुंडीच्या छातीत, गळ्याखाली एक बारीक नळी बसवली. औषध त्यातून जायचं. हॉस्पिटलचा झगा पाठीमागून उघडा, नाड्या तुटलेल्या. अकरा वर्षांची मुलगी ती, पलंगावरून उतरेना. मास्तरने दोन दिवसांत एक शर्ट शिवून आणला, नळीच्या बाजूची खांद्यापासून खालपर्यंतची शिवण उघडी ठेवून तिथे टिचबटणं लावलेली. वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, बाहेरचे कपडे चालत नाहीत.

"उकळलाय, इस्त्री केलाय. आता बघा," म्हणून मास्तरने नळीला हात न लावता तो शर्ट अर्ध्या मिनिटात काढून आणि घालून दाखवला. सिस्टरने टिचबटणं दोनदा उघडून बघितली. मग दबक्या आवाजात विचारलं, "असे आणखी चार जमतील?" चाराचे पुढे तीस झाले. माझी टिचबटणं संपली.

दोन फेऱ्या झाल्या आणि स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधाला छान दाद दिलीय. जिथे आजार चमकत होता तिथे आता काही दिसत नाही. पुढच्या चार फेऱ्या ठरल्याप्रमाणे." आम्ही फक्त पहिलं आणि दुसरं वाक्य ऐकलं. गुंडीच्या तोंडात तेव्हा इतके फोड होते की पाणीसुद्धा झोंबायचं. गोळ्यांनी चेहरा सुजलेला, डोक्यावर टोपी, आणि दुधाचा वास आला तरी उलटी.

तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी सकाळी दुकान बंद होतं. आम्ही तिघं आत होतो. मास्तर गुंडीची पिशवी भरत होती. गुंडी कापायच्या टेबलावर पाय सोडून बसली होती.

"मी नाही येणार उद्या," ती म्हणाली.

मास्तरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हा गुंडीने आईच्या गळ्यातला टेप ओढून घेतला, स्वतःच्या मानेभोवती गुंडाळला आणि आरशात बघून आकडा वाचला. "अकरा. बघ, आई. बरोब्बर अकरा. वहीत लिही. मी बरी झालेय."

आणि मी, तिचा सख्खा मामा, म्हणालो, "बरोबर बोलतेय ती."

मी खूप बोललो. गाठ गेली, डॉक्टरही काही दिसत नाही म्हणतात, मग पोरीचे हाल कशाला? जरा अंगात ताकद येऊ दे, महिना-दोन महिने थांबू, मग बघू. मला खरंच तसं वाटत होतं. तिला खोलीच्या कोपऱ्यात बादलीवर वाकलेली बघून माझं काळीज तुटायचं, आणि मला ते थांबवायचं होतं. गुंडीने बाबांना फोन लावून तो टेबलावर ठेवला. ते कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला ट्रक उभा करून बोलत होते.

"दादा म्हणतात तर," ते चाचरत म्हणाले, "थोडं थांबून बघायचं का गं?"

मास्तर एका बाजूला आणि आम्ही तिघं एका बाजूला. तिने पिशवी खाली ठेवली. गुंडीच्या हातातून टेप काढून घेतला.

"हा टेप मला दाखवू नका," ती म्हणाली. "मान अकराची साडेअकरा झाली तेव्हा हाच टेप होता. मी म्हटलं पोर भरतेय. आकडा खरा होता, मी खोटी ठरले. आजही आकडा खराच आहे. पण टेप बाहेरून फिरतो. आत काय उरलंय ते टेपला कळत नाही, दादाला कळत नाही, आणि ट्रकमध्ये बसून तर कुणालाच कळत नाही."



"साडेअकरा कधी झाली?" गुंडीने विचारलं. "कसलं काय म्हणतेयस?"

डॉक्टरांकडे ते बोलणं झालं तेव्हा तिचं लक्ष चित्रात होतं, आणि नंतर मास्तरने तो विषय तिच्यासमोर कधी काढला नव्हता. आता तिने खुंटीवरून शाळेचा शर्ट काढला आणि गुंडीच्या मांडीवर टाकला. "ही भोकं बघ. इथे होतं बटण. मग इथे. मग इथे. तुझ्या मानेत गाठ वाढत होती आणि मी बटण सरकवत होते. पहिल्याच वेळी बोटं लावून बघायला हवी होती. नाही बघितली."

गुंडीने एकेका भोकावर नख फिरवलं. "तू मला सांगितलं नाहीस."

"नाही. लाज वाटत होती."

"म्हणजे तुझ्यामुळे झालं?"

मी मधे पडायला उठलो. मास्तरने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा बसलो.

"आजार माझ्यामुळे नाही. उशीर माझ्यामुळे. आणि आता पोरगी बरी दिसतेय म्हणून मी चौथ्यांदा बटण सरकवणार नाही. तू रड, मला चाव, महिनाभर माझ्याशी बोलू नकोस. तुझे बाबा रागावू देत, दादाने दुकानाची वाटणी मागू दे. उद्या सकाळी सात वाजता आपण निघतोय."

 मग फोनमधून आवाज आला. "मी परवापर्यंत पोचतो. तोवर तू म्हणतेस तसंच." आणि त्यांनी घसा खाकरून फोन ठेवला.

गुंडी शर्टाकडे बघत बसली होती. रागावली होती, आणि तो राग खरा होता. पुढे कितीतरी दिवस ती आईशी तुटक बोलत होती. शेवटी तिने शर्ट बाजूला टाकला.

"चारच ना?"

"चारच."

"मामाने यायचं नाही. तो रडतो आणि मग मलाच त्याला समजवावं लागतं."

मी कबूल झालो. चारही फेऱ्यांना मी गेलो, पण वॉर्डच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो. चौथ्या फेरीनंतर ताप चढला आणि आठ दिवस तिला तिथेच ठेवावं लागलं. त्या आठ दिवसांत मी मनात मास्तरला शंभरदा शिव्या घातल्या आणि एकदाही तोंडावर बोललो नाही. सहावी फेरी संपली. पुन्हा स्कॅन झाला, तो स्वच्छ निघाला. नळी काढली. दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचं ठरलं. केस आधीपेक्षा कुरळे आले आणि टकळी पुन्हा सुरू झाली.

मास्तरने म्हाताऱ्याचा नियम मोडला. आता ती माप घेताना प्रत्येक पोराच्या मानेवरून आणि जबड्याखालून बोटं फिरवते, आणि विचारतेही. आतापर्यंत तिने अकरा पोरांना गल्लीतल्या डॉक्टरांकडे पिटाळलं. कुणाचा दात किडलेला, कुणाचा घसा, एकीच्या डोक्यात उवांनी झालेल्या जखमा. एके दिवशी डॉक्टर स्वतःच बटण लावून घ्यायच्या निमित्ताने आले आणि हसत म्हणाले, "बाई, अकरा पाठवलीत, एकातही काही निघालं नाही."

"निघालं नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय का?" मास्तरने विचारलं. "मग बारावं पाठवतेय, तपासा."

औषधं संपून सव्वा वर्ष झालं होतं. सकाळची वेळ, मी काउंटर पुसत होतो. गुंडी दप्तर घेऊन आली.

"आई, वरचं बटण टोचतंय."

मशीन थांबलं. माझा हात सवयीने बटणांच्या खणाकडे गेला होता.

"दादा, खणाला हात लावू नकोस," मास्तर म्हणाली. आवाज अगदी साधा होता. तिने गुंडीला आरशासमोर उभं केलं, मान चाचपली, काखा चाचपल्या. मग टेप घेतला. मान बारा. छाती साडेसत्तावीस. कंबर चोवीस. खांदा, बाही, उंची. मी लिहीत गेलो आणि प्रत्येक आकडा वरच्यापेक्षा मोठा होता.

"मास्तर, सगळंच वाढलंय," मी म्हणालो. "वाढलीय ती. दुसरं काही नाही."

"टेप म्हणतो. टेपला कोण विचारतंय? शटर खाली घे."

मी शटर ओढलं. हॉस्पिटलात आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी. तीच डॉक्टरीणबाई, तोच खांदा ओघळलेला कोट. त्यांनी गुंडीची मान, काखा, पोट सगळं सावकाश तपासलं, कागद वाचले, आणि म्हणाल्या, "काही नाही. पोरगी वाढलीय. शर्ट लहान झालाय."

"लिहून द्या," मास्तर म्हणाली आणि तिने वही पुढे केली.

बाई हसल्या. गुंडीच्या पानावर, सगळ्या आकड्यांच्या खाली, त्यांनी लिहिलं, वाढ उत्तम, आणि सही केली. मास्तरने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग त्या खोलीत, डॉक्टरांच्या टेबलावर वही उघडी ठेवून, ती रडायला लागली. गाठ सापडली तेव्हा ती रडली नव्हती, केस गेले तेव्हा नाही, त्या आठ दिवसांतही नाही. आता थांबेचना.

"मामा, बघ," गुंडी म्हणाली. "आता ही पण. दोघांना मी एकटी कुठवर समजावू?" पण ती आईजवळ सरकली आणि टेपच्या टोकाने तिचे डोळे पुसत राहिली.

दुकानात आल्यावर मास्तरने तोंड धुतलं, पांढऱ्या कापडाचा गठ्ठा ओढला आणि टेबलावर पसरला. जुना शर्ट, तो तीन भोकांचा, अजून मशीनमागच्या खुंटीवर आहे. तो ती कुणाला काढू देत नाही. खडूने मानेची गोलाई आखता आखता तिने फळीच्या पलीकडून हाक मारली.

"दादा, चार भोकांची बटणं काढ. सात. आणि या वेळी नीट पांढरी दे."